कोटमसरच्या गुहेतला आंधळा मासा म्हणजे आपल्या ओढ्यातलाच मुऱ्या आहे का?

संत्रानगरी_१

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नागपूरहून गाडी काढून जगदलपूरला गेलो होतो, चित्रकोट, तीरथगड हे नेहमीचं झालं आणि मग कांगेर व्हॅलीतली कोटमसरची गुहा बघितली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तोंड एवढं अरुंद की माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला आत जाताना देव आठवतो, मग लोखंडी जिना उतरत खाली जायचं, आत दमट, घाम फुटतो, आणि गाईडच्या हातातल्या दिव्याशिवाय काहीच दिसत नाही. एका ठिकाणी त्याने एकदम दिवा मालवला आणि म्हणाला आता स्वतःचा हात डोळ्यापुढे धरा. भाऊ, काहीच नाही. डोळे उघडे आहेत का मिटलेले तेच कळेना.

तर मुद्दा असा की पुढे एका कडेला परातीएवढं डबकं होतं, घोट्याएवढं पाणी, आणि त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे पांढुरके गुलाबी मासे तळाला बसलेले. गाईड म्हणाला अंधी मछली है साब, सिर्फ यहीं मिलती है. मी दिवा अगदी पाण्याजवळ नेला तरी ढिम्म. पण पोरीच्या बुटाखालून एक खडा घरंगळून पाण्यात पडला आणि क्षणात सगळे दगडाखाली गायब.

पोरगी सातवीत आहे, गाडीत बसल्यापासून नागपूर येईपर्यंत डोकं खाल्लं. हे मासे आधीपासून आंधळे होते का नंतर झाले, बाहेर आणून उजेडात ठेवले तर डोळे येतील का, त्यांच्या पिल्लांना येतील का. मी म्हटलं वापर नाही म्हणून गेले डोळे, तर म्हणे मग बाबा तुम्ही डोकं वापरत नाही ते अजून कसं आहे. असो. घरी येऊन शोधलं तर कुठेतरी वाचलं की हा वेगळा मासा नाहीच, बाहेरच्या नदीनाल्यातला साधा लोच (तळाशी राहणारा मिशीवाला बारका मासा) आहे. आमच्या आजोळी भंडाऱ्याकडे ओढ्यात दगडाखाली असले मिशीवाले बारके मासे पकडायचो आम्ही, ते हेच का? जाणकारांनी प्लीज सांगा, पोरीला उत्तर द्यायचंय.

मुठेकाठचा

भाऊ, गाईडचं "सिर्फ यहीं" खरं नाही आणि मला त्यातली गंमत सांगायचीच आहे कारण हा मासा मूळ आमच्या पुण्याचा. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस इवेझार्डी. १८७२ साली फ्रान्सिस डे या साहेबाने त्याचं वर्णन केलं, नमुने पुण्याचे होते, आणि ते देणारा कर्नल इवेझार्ड म्हणून त्याचं नाव माशाला चिकटलं. म्हणजे पुण्याचा मासा, साहेबाचं नाव, आणि प्रसिद्ध झाला बस्तरच्या गुहेत जाऊन. पुणेकरांचं असंच असतं, बाहेर गेल्यावर किंमत कळते.

मुळशीकडच्या ओढ्यांत मी पोरवयापासून बघतोय. हातभर पाणी, दगड हळूच उचलायचा, खाली पटकन एक मातकट पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी सरकतं आणि पुढच्या दगडाखाली घुसतं, तोच. आमच्याकडे मुऱ्या म्हणतात, गावागणिक नाव बदलतं. ओळखायची खूण म्हणजे तोंडाभोवती सहा मिश्या असतातच, वर नाकपुडीलाच पुढे मिशीसारखं टोक आलेलं असतं, त्यामुळे लांबून आठ मिश्या वाटतात. तुमच्या भंडाऱ्याच्या ओढ्यातला तोच का ते फोटोशिवाय सांगणं अवघड आहे, लोचचे प्रकार खंडीभर आहेत आणि सगळेच दगडाखाली राहतात. शिवाय गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतून याच वंशाच्या नवीन प्रजाती वेगळ्या काढल्यात, आधी सगळ्यांना सरसकट इवेझार्डीच म्हणायचे.

आता कोटमसर. तिथल्या माशाला अजून तरी वेगळं नाव नाही, इवेझार्डीचीच गुहेतली वस्ती म्हणून त्याचा अभ्यास झालाय, रायपूरच्या संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथले सगळे मासे सारखे नाहीत. काही अगदी पांढरे, डोळे टाचणीच्या टोकाएवढे, तर काहींवर अजून रंगाचे डाग आहेत आणि डोळेही बरे आहेत. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, म्हणून तर तेव्हा ती बंद ठेवतात, आणि पुराबरोबर बाहेरचे मासे आत येणं अगदी शक्य आहे. म्हणजे पूर्ण तुटलेलं घराणं नाहीये ते, येणंजाणं चालू असलेलं वाटतं.

कोलंबीभात

हे भारी आहे. घरच्या टॅंकमधे ठेवता येतो का हा? कुठे विकत मिळेल? पांढरा आंधळा मासा टॅंकमधे काय दिसेल राव.

मुठेकाठचा

ओढ्यातला साधा ठेवलाय मी पूर्वी. दिवसभर दिसणार नाही, दगडाखाली. रात्री लाईट बंद केल्यावर टॉर्च मारला की काचेला पोट चिकटवून बसलेला असायचा, मिश्यांनी तळ चाचपत फिरायचा. मधूनच सरळ वर यायचा, तोंडाने हवेचा घोट घ्यायचा आणि परत खाली. पहिल्यांदा वाटलं पाणी खराब झालं म्हणून अर्धं बदललं, मग कळलं ही सवयच आहे त्याची. गुहेतलेही असेच वर येऊन घोट घेतात, आणि गंमत म्हणजे वर यायच्या त्यांच्या वेळांना काही लय आहे का, दिवसरात्र नसलेल्या जागी ती टिकते का, यावरच रायपूरवाल्यांचं बरंचसं काम आहे.

गुहेतल्याचं मात्र नाव काढू नका. नॅशनल पार्क आहे ते. तिथून काडी उचलली तरी गुन्हा आहे.

कोलंबीभात

बरं बरं, रागावू नका. विचारलं फक्त.

बायोच्या_बाई

मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते, त्यामुळे लेकीच्या प्रश्नाचं माझ्याकडे द्या. आधी "वापर नाही म्हणून गेले" हे खोडते, बाबा तुमचं नाही हो, सगळेच असं सांगतात. एखाद्या माशाने आयुष्यभर डोळे वापरले नाहीत म्हणून त्याच्या पिल्लांचे डोळे जात नाहीत. होतं असं की डोळ्याच्या जडणघडणीत बिघाड करणारे बदल अधूनमधून सगळीकडेच होतात. ओढ्यात असा मासा जन्मला तर खंड्या त्याला दुसऱ्या दिवशी उचलतो, विषय संपला. गुहेत त्याचं काहीच बिघडत नाही, तो जगतो, त्याची पिल्लं होतात. उलट फायदाच होतो, कारण डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग पोसणं हे महागडं काम आहे. मेक्सिकोतल्या गुहेतल्या टेट्रा माशावर मोजमाप झालंय, एक ग्रॅमच्या पिल्लाची विश्रांतीच्या वेळची साधारण १५ टक्के ऊर्जा नुसती दृष्टीवर जाते, मोठ्या माशात ५ टक्क्यांच्या आसपास. गुहेत खायला काय, वटवाघळांची शी आणि पुरात वाहून आलेला पालापाचोळा. तिथे १५ टक्के वाचले म्हणजे उपाशी मरणं आणि जगणं एवढा फरक.

आता उजेडात ठेवून डोळे येतील का. नाही. पण पिल्लांचा प्रश्न मुलीने जबरदस्त विचारलाय, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. त्या मेक्सिकन माशात अंड्यातल्या गर्भाला डोळा तयार व्हायला सुरुवात होते, मग भिंगातल्या पेशी मरायला लागतात आणि डोळा आत आत जाऊन त्वचेखाली झाकला जातो. म्हणजे कारखाना सुरू होतो आणि मधेच बंद पडतो. आणि २००८ साली असं दाखवलं गेलं की दोन वेगवेगळ्या गुहांमधले आंधळे मासे एकत्र आणले तर त्यांच्या काही पिल्लांना दिसतं! कारण एका गुहेत बिघाड एका जनुकात झालेला, दुसऱ्या गुहेत दुसऱ्यात, मग दोघं एकमेकांचं सावरून घेतात. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा मोबाईल खाली ठेवतात.

आता तुम्ही विचाराल लोचच का. हे मासे आधीपासूनच अंधाराची तयारी करून बसलेले असतात. निशाचर, तळाशी राहणारे, मिश्यांनी चव घेत फिरणारे. गुहेत शिरताना त्यांना नवीन काही शिकावं लागत नाही, नको ते सोडावं लागतं फक्त.

संत्रानगरी_१

ताई, पोरीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न तयार, किती वर्षं लागतात?

बायोच्या_बाई

ठराविक नाही. जर्मनीत आख नावाचा मोठा झरा आहे, डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून तिथे येतं. २०१५ मधे एका पाणबुड्याला त्या भुयारात फिकट, बारीक डोळ्यांचा लोच दिसला, युरोपातला पहिला गुहावासी मासा. तो भाग हिमयुगात बर्फाने झाकलेला होता, त्यामुळे मासा आत गेला तो जास्तीत जास्त २० हजार वर्षांपूर्वी. उत्क्रांतीच्या हिशोबात म्हणजे काल परवा.

शिलाँग_रिटर्न

मी नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षं मेघालयात होतो, घर सांगलीला. आंधळ्या लोचचा विषय निघाला आणि जैंतिया हिल्सचं नाव नाही असं कसं चालेल. तिथे चुनखडीचे डोंगर आणि पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे जमीन आतून चाळणीसारखी झालीय. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात, क्रेम अमुक क्रेम तमुक, शेकड्यांनी. क्रेम लियात प्राह एकटीच ३० किलोमीटरच्या वर आहे.

तिथले लोच हे खरे गुहावासी, कोटमसरसारखे अर्धेमुर्धे नाहीत. सिनरांग पामियांग गुहेतला शिस्टुरा पापुलिफेरा २००७ साली जाहीर झाला, डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक पुळ्यांसारखे उंचवटे म्हणून ते नाव. मग २०१७ ला लारकेट गावाजवळच्या गुहेतला शिस्टुरा लारकेटेन्सिस. गारो हिल्समधल्या सिजू गुहेचा तर इतिहासच आहे, १९२२ साली केम्प आणि चोप्रा या दोघांनी तिथे आतला जीव न जीव गोळा केला होता, वटवाघळापासून किड्यापर्यंत. तिथल्या लोचला सिजूएन्सिस नाव पडलंय.

पण खरी धमाल लोचची नाही. २०१९ मधे क्रेम उम लादॉ नावाच्या गुहेत, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर, गुहा शोधणाऱ्यांना एक मासा दिसला, ४० सेंटीमीटरच्या वर! जगात बाकी गुहेतले बहुतेक मासे बोटाएवढे आणि हा आपला चांगला कालवण होईल एवढा, महसीरच्या घराण्यातला, पांढरा. काही आंधळ्या वामी लांबीला टक्कर देतील पण अंगापिंडाने हाच सगळ्यात मोठा. पकडायचा कसा हा प्रश्न होता तर बिस्किटं टाकली, आले की पुढे. एवढ्या खोल अंधारात राहणारा प्राणी आणि पडला कशाला बळी तर चहाच्या बिस्किटाला. २०२३ मधे त्याला निओलिसोचिलस प्नार असं नाव मिळालं, तिथल्या प्नार लोकांवरून, आणि नाव देणाऱ्यांत पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत काम केलेले नीलेश डहाणूकर आहेत. म्हणजे मुठेकाठच्या साहेबांना अजून एक कॉलर ताठ करायचं कारण.

वाईट एवढंच की त्याच डोंगरात चुनखडीच्या खाणी आणि कोळशाची उंदीरबिळं, म्हणजे माणूस कसाबसा सरपटेल एवढ्या अरुंद खाणी. हरित लवादाने २०१४ ला कोळशाच्या त्या बिळांवर बंदी घातली तरी जुन्या बिळांतलं आंबट पाणी अजून नद्यांत उतरतं. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार झालेली मी स्वतः बघितलीय, पर्यटक फोटो काढत होते, त्यांना वाटलं किती सुंदर. त्यात मासा नव्हता एकही.

जांभा_आणि_माड

मी गेली दहा वर्षं कोळीकोडला आहे, मूळ रत्नागिरी. इकडे गुहा नाहीत, विहिरी आहेत. जांभा दगड आपल्या कोकणासारखाच, आणि त्या जांभ्याच्या आतल्या पाण्यात मासे राहतात. कधीतरी विहीर उपसताना नाहीतर पंपातून ते वर येतात. आंधळा मागूर होराग्लॅनिस इथे १९५० पासून माहितीय, कोट्टयमच्या विहिरीतला. पण तुमच्या लोचचेही भाऊबंद आहेत. २०१९ ला कोळीकोड जिल्ह्यातल्या विहिरीतून एक सापडला, लालसर, दोऱ्यासारखा, पाठीवर परच नाही. त्याचं नाव ठेवलं पँगिओ भुजिया. हो, तीच भुजिया, खायची. तशीच दिसते म्हणून. आपल्याकडे सापडला असता तर पँगिओ शेव झालं असतं.

दुसरा पँगिओ पाताला, २०२२, चेंगन्नूरचा. तो तर एका गृहस्थांच्या घरातल्या पाण्यातच आला. पुढच्या वर्षी लिओनार्डो डिकॅप्रिओने त्याच्याबद्दल इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली आणि इकडच्या पेपरांत दोन दिवस तेच. मला आवडतं ते वेगळंच, २०२३ मधे नवीन आंधळ्या मागुराचं नाव ठेवलं होराग्लॅनिस पॉप्युली, म्हणजे लोकांचा. कारण शोधणारे साधे लोक होते, विहीरवाले, गृहिणी, बालदी उपसणारे.

म्हणून कोकणातल्या मंडळींना हात जोडून सांगणं, विहीर उपसताना बालदीत लाल गांडुळासारखं काही वळवळलं तर शी म्हणून फेकू नका. बाजूने नीट बघा, कल्ला दिसतो का, मिश्या दिसतात का. बशीत पाणी घालून वरून एक फोटो काढा आणि सोडून द्या.

ठाण्याची_चिमणी

आमच्या सासरच्या विहिरीत आजेसासूबाईंनी कासव सोडलंय, ते सगळं खाऊन टाकत असेल 😅

बँकॉकमधला_बंड्या

थायलंडचं कोणीच नाव घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो. म्यानमार सीमेजवळ मे होंग सोन प्रांत आहे, तिथल्या गुहांमधे क्रिप्टोटोरा थामिकोला नावाचा मासा आहे, लोचच्या जवळच्या घराण्यातला, तीनेक सेंटीमीटर, आंधळा, गुलाबी. १९८८ मधे कॉटेला या संशोधकाने त्याचं वर्णन केलं. हा मासा गुहेतल्या धबधब्यावर चढतो! उडी मारून नाही, चालत. पालीसारखं तिरकं, पुढचा डावा पर मागचा उजवा, मग उलटं. २०१६ ला त्याच्या हाडांचे स्कॅन बघितले तर कमरेचं हाड पाठीच्या कण्याला जोडलेलं निघालं, जे माशांमधे नसतंच, चार पायांच्या प्राण्यांमधे असतं. मी तिकडच्या गुहेत गेलोय पण मासा नाही दिसला, तो फार आत असतो आणि आत सोडतही नाहीत. बांबूच्या तराफ्यावरून नेतात, वर पाकोळ्यांचा चिवचिवाट आणि खाली बाकीचे धडधाकट डोळ्यांचे मासे, पर्यटकांनी टाकलेलं खायला जमलेले. ते बघूनच परत आलो.

बायोच्या_बाई

बंड्या, हे मी उद्या वर्गात वापरणार.

आणि चीन राहिलं. आंधळ्या माशांची खरी राजधानी तीच, ग्वांगशी, ग्वेइजो, युन्नान. सायनोसायक्लोकिलस नावाचे मासे, कार्पच्या कुळातले, ७० च्या वर प्रजाती, काहींच्या डोक्यावर चक्क शिंग पुढे आलेलं. ते शिंग कशासाठी यावर तर्क भरपूर आहेत. युन्नानच्या आलू गुहेतल्या पारदर्शक माशाची नोंद सोळाव्या शतकातली आहे, तिकडे मिंग घराणं होतं, आणि शास्त्रीय नाव मिळालं १९९४ ला. साडेचारशे वर्षं वेटिंग.

लोचमधे तिकडे ट्रिप्लोफायसा. याच वंशातला एक मासा लडाखच्या त्सो मोरीरीत आहे, एक तिबेटात ५२०० मीटरवर गरम झऱ्याच्या पाण्यात सापडलाय, आणि त्यांचेच चुलतभाऊ ग्वेइजोच्या गुहांमधे आंधळे होऊन बसलेत. घरातला एक पोरगा एव्हरेस्टच्या वाटेला लागला आणि एक तळघरात जाऊन बसला.

फक्त_वाचक

एक शंका. इराणमधेही आहे ना असा? कुठेतरी फोटो बघितला होता.

मुठेकाठचा

आहे, झाग्रोस डोंगरात, लोव्हेन नावाची जागा. तिथे एकाच पाण्यात आंधळा लोच आणि आंधळा गारा राहतात, गारा म्हणजे आपल्याकडच्या मळ्याच्या कुळातला. लोचचं वर्णन १९७६ चं. त्याचा सख्खा भाऊ २०१६ मधे इराकी कुर्दिस्तानात निघाला, जमिनीखालच्या पाण्यातला.

संत्रानगरी_१

मंडळी, मी साधा प्रश्न विचारला होता, तुम्ही आशिया फिरवून आणलंत. पोरीने वहीत नकाशा काढलाय, त्यावर मासे चिकटवणं चालू आहे. आता तिला महाराष्ट्रात गुहेत लोच बघायचाय. आहे का कुठे? मे मधे सावंतवाडीला साडूकडे जाणार आहोत.

मुठेकाठचा

आंधळा नाही, पण वाटेवर आंबोलीला उतरा. हिरण्यकेशीचं देऊळ आहे, त्याच्या पाठीमागे गुहेतून नदी उगवते आणि समोरच्या कुंडात येते. त्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मधे प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यम यांनी जाहीर केलेला. २०२१ ला सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ केलं. डोळे व्यवस्थित आहेत हो त्याला. पण पोरीला सांगा, कोटमसरचा मासाही एके काळी असाच गुहेच्या तोंडाशी असणार, आणि हे बघून मग तिने नकाशावर कुठला मासा कुठे चिकटवायचा ते ठरवावं.

संत्रानगरी_१

डन. जाळी नेऊ का बारकी?

मुठेकाठचा

जाळी घरी ठेवा. चपला बाहेर काढा, कुंडात पाय घालू नका, काठावर पाच मिनिटं न हलता बसा. सावली पाण्यावर पडली तर हे पळतात, यांना दिसतं.